थांबायचं, पण कमवायचं नाही

मिशिगनमधला एक सुतार अनेक वर्षं बांधकामांवर राबला. मणक्यातल्या चकत्या झिजल्या, हेपटायटिस सी झाला, नैराश्याने घेरलं, आणि ऑक्टोबर २००९ पासून आपल्याच्याने काम होत नाही असं त्याने सरकारला कळवलं. अपंगत्वाच्या लाभासाठी त्याचा अर्ज गेला मार्च २०१० मध्ये. तो नाकारला गेला. त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेलं आणि तिथून फेरसुनावणीसाठी परत आलं. दुसरी सुनावणी झाली जुलै २०१५ मध्ये. तिचा निकाल असा लागला की मे २०१३ पासून हा माणूस अपंग आहे, त्याआधी नव्हता. त्या महिन्यात त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती, आणि पन्नाशीनंतर नव्या कामात रुजणं अवघड असतं, असं नियमच मानतात. मधल्या साडेतीन वर्षांच्या पैशांसाठी तो भांडत राहिला. १ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला. अर्जापासून अखेरच्या निकालापर्यंत नऊ वर्षं गेली होती.

‘बीस्टेक विरुद्ध बेरीहिल’ या नावाने हा खटला कायद्याच्या पुस्तकांत गेला आहे. एवढा लांबलेला प्रवास क्वचित होतो, कारण बहुतेक माणसं त्याआधीच थकून सोडून देतात किंवा त्यांना लाभ मंजूर होतो. पण या शिडीच्या पायऱ्या अमेरिकेत दरवर्षी लाखो लोक चढू लागतात. पहिला अर्ज, नकार, फेरविचार, पुन्हा नकार, न्यायाधीशासमोर सुनावणी, त्यावर अपील परिषद, आणि शेवटी न्यायालय. २०२४ मधल्या सरासऱ्या धरल्या तर न्यायाधीशाचा निकाल हातात पडेपर्यंत दोन वर्षं सहज उलटतात. या दोन वर्षांत अर्जदाराने जगायचं कसं, याचं उत्तर कोणत्याही पायरीवर दिलेलं नाही.

मुळात ही मदत दानधर्म नाही. अमेरिकेत प्रत्येक पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. म्हातारपणाच्या पेन्शनप्रमाणेच अपंगत्वाचा विमाही त्यातून चालतो. १९३५ मध्ये रूझवेल्ट यांच्या काळात सोशल सिक्युरिटी आली तेव्हा अपंगत्व तिच्यात नव्हतं. ते यायला आणखी २१ वर्षं लागली. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता, खर्च हाताबाहेर जाईल अशी भीती होती, आणि सिनेटमध्ये तरतूद तगली ती ४७ विरुद्ध ४५ अशा काठावरच्या मतांनी. १ ऑगस्ट १९५६ रोजी आयसेनहॉवर यांनी सही केली, तीही फक्त ५० ते ६४ वयाच्या कामगारांसाठी. वयाची खालची अट १९६० मध्ये गेली. ज्यांची नोकरीची वर्षं भरत नाहीत अशा गरिबांसाठी एसएसआय नावाची वेगळी योजना १९७४ पासून सुरू झाली. तिच्यात एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असून चालत नाही. राहतं घर आणि एक गाडी सोडून. ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे.

त्या जुन्या भीतीचे दोन वारसे आजही वेळ खातात. पहिला म्हणजे व्याख्या. थोडंफार किंवा तात्पुरतं अपंगत्व इथे चालत नाही. आजार किमान १२ महिने टिकणारा किंवा मृत्यूकडे नेणारा हवा, आणि त्याच्यामुळे माणसाला आपलं जुनंच नव्हे तर देशात अस्तित्वात असलेलं दुसरं कुठलंही काम जमू नये. १९६७ मध्ये संसदेने आणखी स्पष्ट केलं: ते काम अर्जदाराच्या गावात नसलं, तिथे जागा रिकामी नसली, अर्ज केल्यावर त्याला कोणी घेणार नसलं, तरी फरक पडत नाही. दुसरा वारसा तडजोडीचा. पैसा वॉशिंग्टनचा, पण माणूस अपंग आहे की नाही हे ठरवायचं राज्य सरकारांच्या कर्मचाऱ्यांनी, असं १९५४ मध्येच ठरलं आणि ते अजून चालू आहे. खर्च केंद्र भरतं. भरती, पगार आणि नोकरीच्या अटी राज्यांच्या. एखाद्या राज्याने भरती थांबवली की तिथल्या फायली तुंबतात, मग वॉशिंग्टनकडे पैसे असोत वा नसोत.

अर्ज करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. तो फॉर्म भरतो, डॉक्टरांची नावं देतो आणि वाट पाहतो. राज्याचा तपासनीस दवाखान्यांकडून कागद मागवतो. कागद अपुरे असले तर सरकारी खर्चाने एका अनोळखी डॉक्टरकडे तपासणीला पाठवतो. ती तपासणी बऱ्याचदा अगदी थोडक्यात आटोपते. ज्याच्याकडे आरोग्यविमा नाही त्याच्याकडे उपचाराचे कागदही नसतात. नोकरी गेली की बहुतेकांचा आरोग्यविमा जातो, म्हणजे आजार सिद्ध करायची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच पुराव्याचा झरा आटतो.

२०१९ मध्ये या पहिल्या पायरीला सरासरी १२० दिवस लागत. २०२४ मध्ये तो आकडा २३० दिवसांवर गेला. करोनाच्या काळात आणि नंतर तपासनीस मोठ्या संख्येने नोकऱ्या सोडून गेले. पगार बेताचा, कामाचा ढीग मोठा, आणि नवा माणूस स्वतंत्रपणे फाईल हाताळू लागेपर्यंत दीड-दोन वर्षं निघून जातात. २०२४ मध्ये प्रलंबित पहिल्या अर्जांची संख्या १२ लाखांवर पोचली. हा उच्चांक होता.

एवढं थांबून जे उत्तर येतं ते बहुतेकांसाठी नकाराचं असतं. साधारण दर तीन अर्जदारांपैकी दोघांना पहिल्या पायरीवर लाभ मिळत नाही.

आता थांबणाऱ्या माणसाची कोंडी पाहायला हवी, कारण सगळ्या आकड्यांचा अर्थ तिच्यात आहे. अर्जदाराला सिद्ध करायचं असतं की आपण काम करू शकत नाही. महिन्याला ठरावीक मर्यादेपेक्षा (२०२५ मध्ये १,६२० डॉलर) जास्त कमावणारा माणूस पहिल्याच प्रश्नाला बाद होतो, त्याचे वैद्यकीय कागद उघडलेही जात नाहीत. त्याहून कमी कमावलं तर नियमाने चालतं, पण फाईलमध्ये त्याची नोंद होते आणि सुनावणीत विचारलं जातं: आठवड्यातून दोन दिवस दुकानात बसता येतं, मग पाच दिवस का नाही? त्यामुळे वकील बहुतेकांना सल्ला देतात की शक्यतो काहीच करू नका. धडधाकट बेरोजगाराला नोकरी शोधताना जो वेळ जातो त्यात निदान आशा असते. इथे नोकरी शोधणंच दाव्याच्या मुळावर येतं. माणूस बचत मोडतो, भावाकडून उसने घेतो, गाडी विकतो, घरभाडं थकवतो. लाभ मंजूर झालाच तर थकबाकी एकरकमी मिळते हे खरं, आणि विम्याच्या लाभात ती अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांपर्यंत मागे जाऊ शकते. पण गेलेलं घर थकबाकीने परत येत नाही.

डेव्हिड ऑटर, निकोल मेस्टास, कॅथलीन मुलन आणि अलेक्झांडर स्ट्रँड या चार अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये याच काळाचा अभ्यास मांडला. हळू काम करणाऱ्या तपासनीसाकडे फाईल गेली की जलद काम करणाऱ्याकडे, हा अर्जदाराच्या दृष्टीने निव्वळ योगायोग. त्या योगायोगाचा आधार घेऊन त्यांनी दाखवलं की ज्यांना जास्त काळ थांबावं लागलं ते पुढची अनेक वर्षं कमी काम करत होते आणि कमी कमवत होते. कौशल्य गंजतं, ओळखी तुटतात, शरीर आणि मन रिकामेपणाला सरावतं. म्हणजे जो माणूस अर्ज करताना थोडंफार काम करू शकला असता, त्याला या यंत्रणेने थांबवून ठेवून आणखी दुबळं केलं.

नकाराचं पत्र आलं की ६० दिवसांत फेरविचार मागावा लागतो. टपालासाठी पाच दिवस जास्तीचे धरतात. फेरविचार म्हणजे त्याच राज्याच्या त्याच खात्यातला दुसरा तपासनीस तीच फाईल पुन्हा वाचणार. इथे मंजुरी मिळते ती साधारण दर सात जणांत एकाला. या पायरीचा उपयोग काय, अशी शंका खुद्द सोशल सिक्युरिटी खात्यालाही होती. १९९९ मध्ये दहा राज्यांत प्रयोग म्हणून फेरविचार काढून टाकला गेला आणि तिथले अर्जदार नकारानंतर थेट न्यायाधीशाकडे जाऊ लागले. हा प्रयोग वीस वर्षं चालला. २०१९ आणि २०२० मध्ये त्या राज्यांत फेरविचार पुन्हा आणला गेला. आता २०२४ च्या हिशेबाने त्यात सात महिन्यांच्या आसपास जातात, आणि बहुतेकांना त्या सात महिन्यांनंतर तेच उत्तर मिळतं.

तिसऱ्या पायरीवर चित्र बदलतं. प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी होते आणि निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना लाभ मिळतो. आधी दोनदा नकार आणि मग होकार, असं का? मधल्या काळात आजार बळावलेला असतो. वय वाढलेलं असतं, आणि त्या सुतारासारखी पन्नाशी ओलांडली की नियम थोडे नरम होतात. बहुतेकांनी तोवर वकील केलेला असतो आणि नवे वैद्यकीय कागद जोडलेले असतात. पण या सगळ्यांहून एक कारण मोठं आहे. संपूर्ण प्रक्रियेत इथे पहिल्यांदा निर्णय देणारा माणूस अर्जदाराला पाहतो किंवा निदान त्याचा आवाज ऐकतो. करोनानंतर बऱ्याच सुनावण्या फोनवर किंवा व्हिडिओवर होतात. खुर्चीत किती वेळ बसवतं, रात्री किती वेळा जाग येते, शर्टाची बटणं कोण लावतं, हे कोणीतरी समोर विचारतो. जो प्रश्न पहिल्या महिन्यात विचारायला हवा तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस विचारला जातो, आणि या यंत्रणेचा हा सर्वांत मोठा दोष आहे. उशीर फायलींच्या ढिगामुळे होतोच, पण माणसाला भेटण्याची पायरी शेवटाकडे ठेवल्यामुळे तो अधिक होतो.

या तिसऱ्या पायरीची रांग एकेकाळी भयंकर होती. २००८ च्या मंदीनंतर अर्जांचा लोंढा आला आणि २०१६ च्या अखेरीस सुनावणीच्या प्रतीक्षेत ११ लाखांहून अधिक लोक होते. २०१७ मध्ये सुनावणीसाठी सरासरी ६०५ दिवस लागत होते. अमेरिकी संसदेची लेखातपासणी संस्था जीएओ हिने ऑगस्ट २०२० मध्ये एक अहवाल दिला. २००८ ते २०१९ या काळात नकाराविरुद्ध अपील केलेल्या सुमारे ९० लाख लोकांचा माग त्यात काढला होता. त्यांपैकी १,०९,७२५ जण अंतिम निर्णय येण्याआधी वारले. २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत सुमारे ४८,००० जणांनी निकालाची वाट पाहत असताना दिवाळखोरी जाहीर केली. हे सगळेच उशिरामुळे मेले असं अहवाल म्हणत नाही, आणि तसं म्हणणं बरोबरही होणार नाही. अपंगत्वाचा दावा करणारे लोक आजारी असतातच. पण ते गेले तेव्हा त्यांच्या हातात ना अंतिम होकार होता ना अंतिम नकार.

सुनावणीत आणखी एक माणूस बसलेला असतो, व्यवसायतज्ज्ञ. न्यायाधीश त्याला विचारतो की एवढ्या वयाचा, एवढं शिकलेला, एवढं वजन उचलू शकणारा माणूस देशात कोणतं काम करू शकेल? तो उत्तर देताना ज्या कोशाचा आधार घेतो तो कामगार खात्याने १९३० च्या दशकात काढला, १९७७ मध्ये नव्याने रचला आणि १९९१ मध्ये शेवटचा सुधारला. इंटरनेटच्या आधीची ही कामांची यादी. तिच्यातले काजू-बदामासारखी कठीण कवचाची फळं निवडणारे, लाकडी खुंट्या तपासणारे, अंडी हाताळणारे हे कामगार दशकानुदशकं नकारपत्रांत येत राहिले. हाताने अशी निवड करण्याच्या नोकऱ्या केव्हाच यंत्रांकडे गेल्या होत्या, तरी हे काम तुम्हाला जमेल, सबब तुम्ही अपंग नाही, असं पत्र येत असे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हे प्रकरण सविस्तर मांडलं. जून २०२४ मध्ये खात्याने त्या कोशातली ११४ कामं यापुढे अशा नकारासाठी वापरायची नाहीत असं ठरवलं. त्याच महिन्यात अर्जदाराच्या जुन्या नोकऱ्यांची चौकशी १५ वर्षांऐवजी पाचच वर्षांपुरती केली. या दुसऱ्या बदलाची फारशी चर्चा झाली नाही, पण त्याने फॉर्म भरण्याचं ओझं खरोखर हलकं केलं. चौदा वर्षांपूर्वीच्या गोदामात रोज किती किलो उचलत होतो, हे आजारी माणसाने आठवून लिहायचं कसं?

मिशिगनच्या सुताराचा खटलाही याच तज्ज्ञावरून उभा राहिला होता. टेबलावर बसून जोडणी करण्याची २,४०,००० आणि माल निवडण्याची १,२०,००० कामं देशात आहेत, असं तज्ज्ञ म्हणाली. हे आकडे आले कुठून, असं सुताराच्या वकिलाने विचारलं. तिने आपल्या खासगी पाहणीतून असं सांगितलं आणि ग्राहकांच्या गोपनीयतेचं कारण देऊन कागद दाखवायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने म्हटलं की केवळ कागद दाखवले नाहीत म्हणून साक्ष कुचकामी ठरत नाही. न्या. गॉरसच आणि न्या. सोटोमायोर हे एरवी दोन टोकांचे मानले जाणारे न्यायाधीश, पण या खटल्यात दोघांनीही बहुमताच्या विरोधात मत लिहिलं.

वेग वाढवणं हाच उपाय, असं वाटणाऱ्यांनी केंटकीचं प्रकरण जरूर पाहावं. २००७ मध्ये रांग आवरण्यासाठी खात्याने प्रत्येक न्यायाधीशाकडून वर्षाला ५०० ते ७०० निकालांची अपेक्षा ठेवली. पश्चिम व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनच्या कार्यालयातले न्यायाधीश डेव्हिड डॉहर्टी वर्षाला हजाराहून अधिक निकाल देत, आणि जवळपास सगळे मंजुरीचे. वरिष्ठ त्या आकड्यांवर खूश होते. प्रत्यक्षात एरिक कॉन हा केंटकीतला वकील त्यांना लाच देत होता आणि आधीच लिहून ठेवलेले वैद्यकीय अहवाल फायलींत घालत होता. सेरा कार्व्हर आणि जेनिफर ग्रिफिथ या कार्यालयातल्या दोन कर्मचारी स्त्रियांनी अनेक वर्षं तक्रार केली, त्रास सोसला, पण माघार घेतली नाही. कॉन २०१७ मध्ये पायातलं नजरकैदेचं कडं कापून पळाला आणि डिसेंबरमध्ये होंडुरासमध्ये सापडला. त्याला एकूण २७ वर्षांची शिक्षा झाली, न्यायाधीशाला चार.

पण याची किंमत मोजली ती तिसऱ्यांनीच. २०१५ मध्ये कॉनच्या दीड हजारांहून अधिक जुन्या अशिलांना कळवलं गेलं की त्यांचा लाभ पुन्हा तपासला जाईल आणि कॉनने जोडलेले ते वैद्यकीय अहवाल पुराव्यात धरले जाणार नाहीत. यातले अनेक जण खरोखर आजारी होते. वकिलाने काय केलं हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पत्रांनंतर त्या डोंगराळ भागातून आत्महत्यांच्या बातम्या आल्या. स्वतःची बाजू मांडू न देता पुरावा फेकून देणं बेकायदा आहे, असं अपील न्यायालयाने सांगितलं तेव्हा नोव्हेंबर २०१८ उजाडला होता. आकड्यांच्या मागे लागून घाईने दिलेले होकार तपासायला, आणि त्या तपासातली चूक दुरुस्त करायला, पुन्हा वर्षंच लागली.

मग कायद्यानेच मुदत का घालू नये? व्हर्मांट राज्यातल्या अर्जदारांनी हा प्रश्न न्यायालयात नेला होता. खालच्या न्यायालयाने फेरविचाराला ९० दिवस आणि विनंतीनंतर सुनावणी होण्याला ९० दिवस अशी मुदत घालून दिली. १९८४ मध्ये ‘हेकलर विरुद्ध डे’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. संसदेने उशिराचा प्रश्न वारंवार पाहिला आहे आणि निर्णयाचा दर्जा घसरेल म्हणून मुदत घालायचं टाळलं आहे, तेव्हा न्यायालयांनी ती परस्पर लादू नये, असं बहुमताचं म्हणणं. त्याआधी १९७६ मध्ये ‘मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज’ खटल्यात याच न्यायालयाने ठरवलं होतं की चालू असलेला अपंगत्वाचा लाभ सुनावणीआधीच बंद करता येतो, नंतर सुनावणी मिळाली म्हणजे पुरे. लाभ बंद झाल्यापासून सुनावणीनंतरच्या निकालापर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो, हे निकालपत्रातच लिहिलेलं आहे. न्या. ब्रेनन यांनी विरोधी मतात नोंदवलं की लाभ बंद झालेल्या एल्ड्रिज यांचं घर कर्जापायी गेलं, सामान उचलून नेलं गेलं आणि नवरा-बायको-मुलांना एकाच पलंगावर झोपायची पाळी आली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे थोडं आश्चर्य वाटेल. आपल्याकडे लोकसेवा हक्क कायद्याने २०१५ पासून अधिसूचित सेवांना मुदत आहे, आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या २०१७ च्या नियमांत एक महिन्याची मुदत होती, जी २०२४ च्या दुरुस्तीने तीन महिने झाली. जिल्हा रुग्णालयातल्या बोर्डाच्या दिवशी पहाटेपासून रांगेत बसणाऱ्यांना आणि तहसीलला हेलपाटे घालणाऱ्यांना कागदावरची मुदत आणि प्रत्यक्ष यांच्यातलं अंतर कोणी सांगायला नको. तरीही मुदत लिहिलेली असणं म्हणजे उशिराला उशीर म्हणता येणं. अमेरिकेतल्या अर्जदाराला तेही म्हणता येत नाही.

गंभीर आजारांसाठी एक जलद वाट आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये ५० आजारांची यादी करून सुरू झालेल्या योजनेत आता ३०० आजार आहेत. काही कर्करोग, लहान मुलांचे दुर्मीळ आजार, तरुणपणीचा अल्झायमर. निदानाचा कागद भक्कम असेल तर मंजुरी काही आठवड्यांत येते. पण मंजुरी म्हणजे पैसा नव्हे. काम सुटल्यानंतरच्या पहिल्या पाच पूर्ण महिन्यांचा विम्याचा लाभ कायद्यानेच मिळत नाही आणि सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, त्यानंतर आणखी २४ महिन्यांनी सुरू होतो. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारात माणूस बहुधा काही वर्षांतच जातो. त्याच्या रुग्णांसाठी मेडिकेअरची अट २००१ मध्ये आणि पाच महिन्यांची अट डिसेंबर २०२० मध्ये उठली. रुग्णांनी आणि त्यांच्या बायका-नवऱ्यांनी व्हीलचेअर ढकलत संसदेच्या कार्यालयांत खेटे घातले तेव्हा ती उठली. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णाला मात्र ते पाच महिने आजही काढावे लागतात.

मार्टिन ओमॅली डिसेंबर २०२३ मध्ये या खात्याचे आयुक्त झाले. आधी मेरीलँडचे गव्हर्नर असलेल्या या गृहस्थांनी प्रतीक्षेचे आकडे लपवले नाहीत. २०२३ मध्ये निर्णयाची वाट पाहत सुमारे ३०,००० लोक वारले असं त्यांनी उघडपणे सांगितलं. सुनावणीची रांग त्यांच्या काळात तीस वर्षांतली सर्वांत छोटी झाली आणि सुनावणीची प्रतीक्षा २०२४ मध्ये सरासरी ३४२ दिवसांवर आली. त्यांनी पद सोडलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये खात्याने सुमारे ५७,००० कर्मचाऱ्यांवरून ५०,००० वर येण्याचं जाहीर केलं. २०२५ मध्ये पहिल्या अर्जांचा साठा साडेनऊ लाखांपर्यंत खाली आला, हीसुद्धा त्याच वर्षातली नोंद. ती चांगली आहे, पण अर्ज निकाली निघाल्याने साठा घटतो तसा तो लोकांनी अर्जच न केल्यानेही घटतो. मानसी देशपांडे आणि यू ली या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थानिक कार्यालयं बंद झाल्यावर काय होतं हे तपासलं. त्या परिसरात लाभ घेणाऱ्यांची संख्या घटली, आणि गळणाऱ्यांत कमी शिकलेले व कमी कमावणारे जास्त होते. त्यांना मदतीची गरज कमी नव्हती. फॉर्म भरायला समोर माणूस उरला नव्हता.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमधल्या मराठी घरांचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या पगारातूनही सोशल सिक्युरिटी कापली जाते, आणि भारताशी अमेरिकेचा या बाबतीत परस्पर करार नसल्याने भारतातली नोकरीची वर्षं तिथे मोजली जात नाहीत. अपंगत्वाच्या विम्यासाठी साधारणपणे गेल्या दहा वर्षांपैकी पाच वर्षं अमेरिकेत काम केलेलं असावं लागतं. तरुणांना त्याहून कमी चालतं. म्हणजेच काम सुटल्यावर सुमारे पाच वर्षांनी हा विमा संपतो. मुलांसाठी नोकरी सोडून घरी राहिलेल्या आणि सहा-सात वर्षांनी गंभीर आजारी पडलेल्या बाईला पूर्वी भरलेल्या पैशांवर हा लाभ मिळत नाही. अर्ज लांबणीवर टाकणाऱ्यांनी आपली ही शेवटची तारीख सोशल सिक्युरिटीकडून आधी जाणून घ्यावी.

नकार आल्यावर पुष्कळ लोक खचतात आणि काही महिन्यांनी नवा अर्ज करतात. त्यात जुनी तारीख बुडते, थकबाकी कमी होते, आणि विम्याची शेवटची तारीख मध्ये येऊन गेली असेल तर दावाच संपू शकतो. ६० दिवसांच्या आत त्याच अर्जावर अपील करणं जवळजवळ नेहमीच श्रेयस्कर. वकिलाला आधी पैसे द्यावे लागत नाहीत. दावा मंजूर झाला तर थकबाकीच्या २५ टक्के, आणि नेहमीच्या फी-करारात जास्तीत जास्त ठरावीक रक्कम (नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ती ९,२०० डॉलर झाली), तेही खातं परस्पर कापून देतं. प्रतीक्षा लांबली की थकबाकी वाढते आणि तिच्याबरोबर फीही, हे मात्र लक्षात ठेवावं. वकिलाकडे पहिल्या नकारानंतर लगेच जाण्यात अर्जदाराचं हित आहे. शक्य असेल तसे उपचार चालू ठेवावेत, धर्मादाय दवाखान्यात का होईना. डॉक्टरांकडून नुसतं निदान न लिहून घेता माणूस किती वेळ उभा राहू शकतो, किती उचलू शकतो, महिन्यातून किती दिवस अंथरुणाला खिळतो हे लिहून घ्यावं. घर कर्जापायी जाण्याच्या बेतात असेल, औषधाला किंवा खायला पैसे नसतील, तर सुनावणीच्या कार्यालयाला तसं लेखी कळवता येतं आणि फाईल पुढे घेण्याची तरतूद आहे. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.